ऊन कोणाच्या वाट्याचे?

१८९१ साली ठाण्याचे इंग्रज न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी तीन सभासदांचा नग्नसंघ काढला आणि समाजवादी लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना पत्राने कळविले. १९२७ पासून र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून नग्नतेचा पुरस्कार केला; १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. उन्हाने त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, हे खरे. साऱ्या व्याधींवर ते औषध आहे, हा दावा मात्र टिकत नाही. साहेबाची नग्नता हौसेची, लंगोटीवरच्या शेतमजुराची सक्तीची. त्याला ऊन सोसावे लागते. पुण्याच्या वस्तीतील खिडकीविना खोलीत बाळबाळंतिणीला ते मिळत नाही. साथींनो, आरोग्याचा हा प्रश्न वस्त्रांचा नव्हे, घरांचा आहे. तो महापालिकेच्या दारी नेलाच पाहिजे.