गर्दी वगळून मुंबई

पर्यटनाच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवा माल रुजू झाला आहे. ज्या शहरी जायचे तिथला एखादा व्यावसायिक छायाचित्रकार निघण्यापूर्वीच तासाच्या दराने ठरवून ठेवायचा. त्याने शहरातल्या दोन-चार प्रसिद्ध वास्तूंपुढे आपल्याला उभे करायचे, चालवायचे, हसवायचे, 'सहज' मागे वळून पाहायला लावायचे. आणि मग निवडक छायाचित्रे, रंगांची डागडुजी करून, काही दिवसांत आपल्या हवाली करायची. पॅरिसला हा उद्योग आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोवर चालतो, रोमला त्रेवीच्या कारंज्यापाशी. मुंबईत त्याच्या जागा ठरलेल्या आहेत : गेटवे ऑफ इंडिया, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोडा, मरीन ड्राइव्ह, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. या मालाच्या जाहिरातीत एक विशेषण हटकून येते : 'खासगी'. ज्या जागा अथपासून इतिपर्यंत सार्वजनिक आहेत, तिथे खासगी असे नेमके काय विकले जाते? आमचा सारा वाद या एका विशेषणाशी आहे.

प्रथम, आमचे म्हणणे काय नाही ते सांगून टाकू. अशा विषयावर लेखणी उचलली की साहित्याच्या अभ्यासकाला एक आयती नैतिक उंची लाभते. 'आजची पिढी आत्ममग्न आहे', 'लोक पाहायला जात नाहीत, दिसायला जातात' अशी चार वाक्ये लिहिली की काम भागते. हा युक्तिवाद आम्हांला आळशी वाटतो. आपली छबी असावी, ती बरी असावी, आणि तिच्यामागे काही भव्य असावे, ही इच्छा कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. आपल्या आजी-आजोबांनी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे, त्यावरच्या जिन्याला आणि सरोवराला साक्षी ठेवून फोटो काढून घेतलेच होते. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला फोटो अनेक घरांत अजून भिंतीवर आहे. त्या फोटोंची थट्टा करण्याचा अधिकार आम्ही कुणाला देत नाही. स्वतःवर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे.

पण त्या पडद्याचा आणि त्या विमानाचा एक गुण होता : ते खोटे आहेत हे सर्वांना ठाऊक होते. पडदा हा पडदाच होता. त्याच्यामुळे कुणाला बाजूला सरावे लागत नव्हते. खऱ्या शहराचा पडदा करायचा म्हटले, की त्या शहरात आधीपासून असलेल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. या व्यवसायाचे त्यावरचे उत्तर सरळ आहे. पहाटेची वेळ घ्या. सूर्य वर येण्याआधी पोहोचा, म्हणजे 'कुणी नसते'. जे कोणी असतील त्यांना छायाचित्रकाराचा सहायक नम्रपणे बाजूला व्हायला सांगेल. आणि एवढे करूनही चौकटीत जे उरतील, ते नंतर संगणकावर पुसता येतील. गिऱ्हाईक पैसे मोजते ते निव्वळ छायाचित्रांचे नव्हेत. इतर माणसांच्या अनुपस्थितीचे. 'खासगी' या शब्दाचा अर्थ इथे एवढाच आहे.

मुंबईच्या बाबतीत हा अर्थ विशेष विपरीत ठरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचेच उदाहरण घेऊ. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली, २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही इमारत घुमटामुळे आणि दगडातल्या मोर-माकडांमुळे देखणी आहे, यात वाद नाही. पण ती थोर आहे ती अजून स्थानक म्हणून राबते आहे यासाठी. रोज लाखो माणसे तिच्यातून ये-जा करतात. तो प्रवाह काढून घेतला तर उरेल तो शोभेचा दगड. समोरच्या बाजूला महापालिकेने बांधलेल्या सज्जातून वाहने आणि माणसे बेताने टाळून तिचा फोटो घेता येतो. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. ती कोण होती? गाडीची वाट पाहणारी, गाठोड्यांवर बसलेली, मुलांना निजवणारी माणसे. म्हणजेच तीच गर्दी, जी सुंदर छायाचित्रासाठी चौकटीबाहेर घालवावी लागते. एखाद्या वास्तूपुढे हसू नये असे आम्ही म्हणत नाही. पण जिच्यामुळे ती वास्तू जिवंत आहे आणि जिने तिथे प्राणही गमावले, ती गर्दी सौंदर्यातला अडथळा मानणारी दृष्टी सहजासहजी निष्पाप म्हणता येणार नाही.

या दृष्टीला वंशावळ आहे. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या एका ग्रंथाचा पहिला खंड निघाला (दुसरा १८६६ साली) : 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींचे नमुने त्यात छायाचित्रांतून मांडले आहेत. त्यातली मेख अशी, की माणसांचे गट एकीकडे टिपलेले आहेत आणि मागचे देखावे दुसरीकडे. नंतर दोन्हींची जोडणी केली आहे. माणूस एका जागी, शहर दुसऱ्या जागी, आणि कात्री दोघांच्या मध्ये. मुंबईच्या दृश्य-इतिहासात 'पार्श्वभूमी' ही वस्तू अशी अवतरली : वसाहतीच्या राज्यकर्त्या समाजासाठी, माणसांना नमुना आणि शहराला देखावा करून.

योगायोग असा, की त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. हे दोन ग्रंथ एकाच शहराविषयी आणि एकाच वर्षातले आहेत. परंतु माडगांवकरांच्या पुस्तकात पार्श्वभूमी असे काही नाहीच. बाजार, देवळे, शाळा, छापखाने, धंदे, नाना जातींचे लोक आणि त्यांच्या रीतिभाती अशी एकच दाटी तिथे आहे. इमारत आली की ती कुणी बांधली, तिथे काय चालते, कोण येते, हेही सोबत येते. माणसे वजा करून शहर सांगता येते ही कल्पनाच त्या गद्याला सुचलेली नाही. मराठीतल्या शहरलेखनाची सुरुवात इतक्या निरोगी नजरेने झाली, याची आठवण आपल्या अभ्यासक्रमांना अधूनमधून करून द्यावी लागते. आजचे पहाटेचे छायाचित्र या दोहोंपैकी कुणाच्या वंशातले, हे वेगळे सांगायला नको. जॉन्सनने निदान माणसांना पुढे ठेवले होते; आता शहरातला माणूसच गेला, आणि पाहुणा तेवढा पुढे उरला.

गेटवेची कथा तर याहून बोलकी. १९११ सालच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला ही कमान नव्हतीच. होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याची खरी दगडी वास्तू पुरी झाली १९२४ साली, राजाचा मुक्काम संपून बारा वर्षे उलटल्यावर. म्हणजे गेटवेचा जन्मच मुळी एका बड्या पाहुण्याच्या मागे उभे राहण्यासाठी झालेला आहे. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली, आणि नेपथ्याचे नाटक संपले. त्यानंतर ही जागा मुंबईकरांनी ताब्यात घेतली. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँची, दाणे विकणारे, कबुतरे, सहलीच्या पोरांच्या रांगा, गावाहून आलेल्या पाहुण्यांना मिरवणारी कुटुंबे : या साऱ्यांनी मिळून साम्राज्याच्या देखाव्याचे एक अंगण केले. हे अंगण पुन्हा एका पाहुण्यापुरते मोकळे करून देणे, म्हणजे १९११ चा पुठ्ठा पुन्हा उभा करणे होय. फरक इतकाच, की आता राजा होण्याचा दर तासावर आला आहे.

इथे आमच्यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप पोटापाण्याचा. छायाचित्रकार हाही कष्टकरीच. त्याच्या धंद्यावर का उठता? आमचा रोख त्याच्यावर नाही. उलट, पोटापाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरता काढावा. गेटवेवर छायाचित्रकार पिढ्यानुपिढ्या आहेत. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्यांचा अल्बम, आणि जवळ छोटे छपाईयंत्र. भाव जागेवर ठरतो, फोटो काही मिनिटांत हातात पडतो. प्रत्येक खिशात कॅमेरा आल्यापासून त्यांचा धंदा आटत गेला. त्यांच्या फोटोत मागून कुणाचे तरी डोके येते, कुणाचे पोर पळते, कबुतर आडवे जाते. कारण ते गर्दीत उभे राहून, गर्दीसाठी काम करतात. ते त्या जागेचे रहिवासीच आहेत. त्यांना ओलांडून, दूरच्या दलालाच्या मार्फत, त्याच दगडासमोरचा एक तास आगाऊ विकत घेतला जातो, तेव्हा पोटाचा प्रश्न सुटत नाही. तो एका पोटाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि मधला घास दलाल घेतो.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. घरातल्या सहलींच्या फोटोंत आई बहुधा नसतेच, कारण एक तर ती फोटो काढत असते, नाही तर मुलांच्या पिशव्या सांभाळत असते. एकट्याने हिंडणाऱ्या बाईला अनोळखी माणसाच्या हाती फोन देताना दहादा विचार करावा लागतो. अशांनी चार पैसे देऊन एक चांगला फोटो मिळवला, तर त्यात वाईट ते काय? काहीच नाही. तो फोटो त्यांना मिळायलाच हवा. पण त्यासाठी चौक रिकामा लागत नाही, प्रकाशाचा मुहूर्त लागत नाही आणि दोन तासांचे दिग्दर्शनही लागत नाही. पाच मिनिटांचा, आजूबाजूच्यांसकटचा, खरोखरच्या सहलीतला फोटो पुरतो. इच्छा न्याय्य आहे म्हणून तिच्या नावावर विकली जाणारी प्रत्येक वस्तू न्याय्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप आठवणींचा. 'छायाचित्र म्हणजे आठवण. ती जपली तर बिघडले कुठे?' इथे साहित्याच्या अभ्यासकांनी थोडे बारकाईने पाहावे. आठवण घडून गेलेल्या गोष्टीची असते. या छायाचित्रात काय घडलेले असते? नमुन्याचे फोटो आधीच पाहिलेले असतात. कपड्यांचे रंग दगडाच्या रंगाशी जुळवून आणलेले असतात. कुठे थांबायचे, कुठे वळायचे हे ठरलेले असते. प्रवासी शहरात येतो तो आधी काढलेल्या एका चित्रात आपला चेहरा बसवायला. त्या दोन तासांत काही घडलेच, म्हणजे पाऊस आला, मोर्चा आला, कुणी वेडा गाऊ लागला, तर तो व्यत्यय मानला जातो आणि नवी वेळ मागून घेतली जाते. खासगीपणाची किंमत देऊन आपण दोन अनुपस्थिती विकत घेतो : एक माणसांची, दुसरी घटनांची.

मराठी प्रवासलेखनात जे उत्तम आहे ते या दुसऱ्या अनुपस्थितीच्या विरुद्ध उभे आहे. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. बेत फसला म्हणूनच 'माझा प्रवास' आपल्या हाती आला. पु. लं.च्या 'अपूर्वाई'तला प्रवासी विलायतेच्या देखाव्यापुढे रुबाबात उभा राहत नाही; स्वतःच्या मराठी मध्यमवर्गीय अवघडलेपणासकट तिथे वावरतो, आणि हसे करतो ते बहुधा स्वतःचे. प्रवासवर्णनातला 'मी' वाचनीय होतो तो जागेने त्याला थोडे हलवले तर. अर्थात, आपल्या वाङ्मयात दुसरी रांगही लांबलचक आहे : मुखपृष्ठावर लेखक, मागे मनोरा, आणि आत माहितीपत्रकातली वाक्ये. या पुस्तकांना आपण पुरस्कार दिले, ती नेमली. तेव्हा न हलणारा 'मी' आणि आज्ञाधारक देखावा हा सौदा छायाचित्रकारांनी शोधला नाही. आपल्या वाङ्मयीन व्यवहारात तो आधीपासून चालू आहे.

या साऱ्या गोष्टी एकवटतात त्या एशियाटिकच्या पायऱ्यांवर. १८०४ साली स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीचा वारसा सांगणारी ही संस्था; १८३३ साली पुरा झालेला हा टाउन हॉल; समोर डोरिक खांब आणि रुंद, पांढऱ्या तीस पायऱ्या. आत दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे एक जुने हस्तलिखित आहे, दुर्मिळ पुस्तके आहेत, वाचकांसाठी जागा आहे. सकाळच्या उन्हात पायऱ्यांवर झगे उलगडतात, दुपट्टे उडतात, छायाचित्रे निघतात. आणि मंडळी पुढच्या स्थळी रवाना होतात. दाराला पाठ करूनच ते छायाचित्र काढावे लागते, हे या व्यवहाराचे अगदी शब्दशः वर्णन आहे. यात केवळ पर्यटकांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या पायऱ्या ओळखणारे आणि आतले वाचनालय न पाहिलेले मराठीचे पदवीधर मुंबईत कमी नसावेत.

आम्ही बंदी मागत नाही. बंदीने पायऱ्यांवर पहारेकरी येतील, आणि पहारेकरी पहिल्यांदा उठवतील ते तिथे डबा खाणाऱ्या कारकुनाला. आमची मागणी साधी आहे आणि ती मुख्यतः आपल्याच वर्गाकडे आहे. शिक्षकांनी 'मुंबईचे वर्णन' शिकवताना जॉन्सनची छायाचित्रे शेजारी ठेवावीत, आणि एकाच वर्षाच्या या दोन नजरांतला फरक विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावा. विद्यार्थ्यांनी गेटवेवर जावे ते दुपारी, भर गर्दीत. फोटो हवाच असेल तर गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या तिथल्या माणसाकडून काढून घ्यावा, आणि त्यात मागून कुणी आले तर त्याला येऊ द्यावे. तो मागचा अनोळखी माणूस पुसून टाकण्याचे तंत्र आता कुणालाही उपलब्ध आहे. तो कोण होता आणि त्या वेळी तिथे का होता, हे लिहिण्याचे काम मात्र साहित्याखेरीज दुसरे कुणी करणार नाही.