भारताने निर्यात थांबवली की ढाक्यात तांदूळ का महागतो?

1998 च्या पावसाळ्यात बांगलादेशचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. आमन हंगामाचं भातपीक मोठ्या प्रमाणावर वाया गेलं. 1974 मध्ये अशाच पुरानंतर तांदळाचे भाव भडकले होते आणि भुकेने असंख्य लोक दगावले होते. त्यामुळे याही वेळी तेच होणार, अशी धास्ती होती.

पण तसं झालं नाही. का?

कारण मधल्या काळात एक नियम बदलला होता. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात बांगलादेशने खासगी व्यापाऱ्यांना तांदूळ आयात करायला परवानगी दिली. साधारण त्याच सुमारास भारतानेही बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली. पूर आला तेव्हा सरकारी जहाजाची वाट बघत बसावं लागलं नाही. छोट्या-मोठ्या शेकडो व्यापाऱ्यांनी भारतातून ट्रक आणि रेल्वेने तांदूळ मागवला. 1998-99 मध्ये ही खासगी आयात 20 लाख टनांच्या वर गेली.

यालाच अर्थतज्ज्ञ 'बाजारपेठा जोडल्या जाणं' म्हणतात. म्हणजे काय? समजा, भारतात तांदूळ 20 रुपये किलो आहे. वाहतूक, कर आणि नफा धरून तो ढाक्यात 24 ला पडतो. मग तिथला साठेबाज 30 रुपये मागूच शकत नाही. मागितले, तर दुसऱ्याच आठवड्यात सीमेपलीकडून माल येतो. थोडक्यात, भारतातला भाव ढाक्याच्या भावाला झाकण घालतो.

अर्थात, झाकण काढणाराही दुसराच असतो.

2007 मध्ये बांगलादेशात आधी पूर आला आणि नोव्हेंबरमध्ये 'सिद्र' चक्रीवादळ. नेमकं त्याच हंगामात भारताने आपल्याकडच्या महागाईच्या भीतीने आधी निर्यातीवर निर्बंध आणले आणि एप्रिल 2008 मध्ये बिगर-बासमतीची निर्यात जवळपास बंदच केली. बांगलादेशला 5 लाख टन देण्याचं आश्वासन भारताने दिलं खरं, पण तो दोन सरकारांमधला सौदा होता. बाजार ठप्पच राहिला. ढाक्यात स्वस्त तांदळाच्या सरकारी दुकानांसमोर लांबच लांब रांगा लागल्या.

जुलै 2023 मध्ये भारताने पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. ही बंदी सप्टेंबर 2024 पर्यंत टिकली. जगातल्या तांदूळ व्यापाराचा सुमारे 40 टक्के वाटा एकट्या भारताचा, त्यामुळे चटके आफ्रिकेपर्यंत गेले. इथल्या शेतकऱ्यालाही चढा भाव मिळण्याची संधी गेली. कांद्याच्या निर्यातबंदीत नाशिकच्या शेतकऱ्यांनी हेच सोसलंय.

दोष एकट्या भारताचा मात्र नाही. या दाराला कडी दोन्ही बाजूंनी आहे. बांगलादेशात पीक चांगलं आलं की तिथलं सरकारही आपल्या शेतकऱ्यांसाठी आयात कर वाढवतं. 2017 च्या पुरात त्यांनी तो 28 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणला आणि 2019 मध्ये, भाताचे भाव कोसळल्यावर, 55 टक्क्यांवर नेला. ज्या व्यापाऱ्याने वखार भाड्याने घ्यायची, ट्रक ठरवायचे, त्याने पुढच्या वर्षीचा हिशोब मांडायचा तरी कसा?