गुन्हेकथा लिहायची आहे, पण विचारायचे कुणाला?

मराठीत गुन्हेकथेला वाचक नाही असे कुणी म्हणू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वाचनालयांतून घराघरात गेले. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. पण या कथांमधला पोलीस बहुतेक वेळा मुंबई-पुण्याचा असतो. मेहकरचा ठाणेदार, मोताळ्याचा बीट जमादार किंवा एखाद्या खेड्यातला पोलीस पाटील त्यांत फारसा दिसत नाही. गुन्हे मात्र आपल्याकडेही घडतात. धुऱ्याच्या भांडणातून डोकी फुटतात, विहिरीत प्रेत सापडते, घरात फवारणीचे औषध असते आणि ते कुणी प्यायले की कुणी पाजले हा प्रश्न उरतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली काही तरुण मुले-मुली आता अशा कथा लिहू पाहत आहेत. त्यांची अडचण एकच असते. पोलीस खरोखर काय करतात हे सांगणारा माणूस मिळत नाही, म्हणून मग सिनेमा पाहून लिहिले जाते. सिनेमात आरोपी कोठडीत गुन्हा कबूल करतो आणि गोष्ट संपते. आपल्या कायद्यात गोष्ट तिथे सुरू होते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने दिलेल्या माहितीवरून कोयता सापडला, तर त्या माहितीचा तेवढाच भाग चालतो. म्हणून तपास अंमलदार दोन पंच घेऊन शेतात जातो, पंचनामा करतो, मुद्देमाल सील करतो. पुढे त्यातला एक पंच कोर्टात फितूर होतो. या एवढ्या माहितीत एक अख्खी कादंबरी आहे, आणि ती सिनेमा पाहून सुचत नाही.

मग विचारायचे कुणाला? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा साहेब येतात. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला भेटायला हरकत नाही, पण त्याच्यावर बंधने आहेत हे समजून जावे. सरकारी नोकराला वर्तणूक नियम आहेत, चालू तपासाबद्दल तो बोलू शकत नाही आणि बोलू नयेच. पोलीस अधीक्षक कार्यालयात साधा अर्ज द्यावा, प्रश्न लिहून द्यावेत आणि ते पद्धतीबद्दलचे असावेत. बेवारस प्रेत सापडले तर पहिल्या तासात कोण काय करतो? मर्ग दाखल केल्यावर त्याचा खुनाचा गुन्हा केव्हा होतो? अशा प्रश्नांना उत्तर मिळण्याची शक्यता असते. ‘साहेब, एखादा थरारक किस्सा सांगा’ म्हटले, की दहा वेळा सांगून गुळगुळीत झालेला किस्साच हाती येतो.

खरी माहिती निवृत्त माणसांकडे आहे. मोठ्या अधिकाऱ्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. १९८२ साली मन्या सुर्वेवर गोळी झाडणारे इसाक बागवान यांनी पुस्तक लिहिले. १९८६ साली गोव्यात चार्ल्स शोभराजला पकडणाऱ्या मधुकर झेंडे यांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. ही पुस्तके वाचावीत. पण आठवणी लिहिणारा अधिकारी बहुधा सुटलेल्या प्रकरणांबद्दल लिहितो. न सुटलेले प्रकरण तीस वर्षे मनात घेऊन फिरणारा हवालदार कधी पुस्तक लिहीत नाही. ठाण्यात ‘रायटर’ म्हणून काम केलेला जमादार तर सोन्याची खाण आहे. साहेब बदलून जातात. फिर्याद, जबाब, पंचनामे, दोषारोपपत्र हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले असते. कोणत्या वाक्यावर केस पडते हे त्याला माहीत असते. त्याच्याकडे दुपारी जावे, चहा घ्यावा, घाई करू नये.

पोलिसांच्या पलीकडेही जाणकार आहेत. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करणारा डॉक्टर, व्हिसेरा सील करून प्रयोगशाळेकडे पाठवला जातो आणि अहवालाची वाट पाहावी लागते हे सांगणारा कर्मचारी, सरकारी वकील, बचावाचा वकील, पंच म्हणून सही केलेला दुकानदार, हे सगळे तज्ज्ञच आहेत. शिवाय न्यायालय खुले असते. काही अपवाद सोडले तर बुलडाण्याला किंवा खामगावला सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐकायला कुणाची ओळख लागत नाही, पैसेही लागत नाहीत. निकालपत्रे न्यायालयांच्या संकेतस्थळावर वाचता येतात.

कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले. खुनाचे कलम आता ३०२ नाही, १०३ आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद झाली आहे. आजची गोष्ट लिहिताना जुन्या हवालदाराची माहिती या नव्या चौकटीत तपासून घ्यावी लागेल.

आता आपल्या समाजाबद्दल. ‘पोलीस ठाण्याची पायरी चढू नये’ हे वाक्य आपल्यातल्या बहुतेकांनी घरात ऐकलेले असते. त्यामागे भीती आहे आणि भीतीमागे कारणे आहेत. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले होते, त्यांतील पाच जणांना फाशी. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडले. कबुलीजबाब, ओळख परेड, जप्ती, यांतले काहीच न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. याच खटल्यातून २०१५ मध्येच सुटलेले वाहिद शेख नऊ वर्षे तुरुंगात होते. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. त्या स्फोटांत गेलेल्या माणसांच्या घरच्यांना १९ वर्षांनंतरही गुन्हेगार कोण याचे उत्तर मिळालेले नाही, हेही विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे असे, की गुन्हेकथेसाठी फक्त पोलिसांना विचारणे पुरेसे नाही. ज्याला पकडले आणि सोडले, तोही तपासाचा जाणकार आहे. त्याला कोठडी आतून माहीत आहे. पण भीतीपोटी पोलिसांना न विचारता लिहिले तर तेही अर्धवटच होईल. मग आपला पोलीस नुसता खलनायक होतो, जसा इतरांच्या कथेत आपला माणूस नुसता संशयित होतो. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेत सगळ्या धर्मांची गर्दी उसळते, तेव्हा दिवसरात्र बंदोबस्तात उभ्या असलेल्या शिपायाला कधी विचारले आहे का, की त्याला कशाची भीती वाटते? रोजा ठेवून ड्युटी करणाऱ्या मुस्लिम हवालदाराला मोहल्ल्यात लोक काय म्हणतात आणि ठाण्यात काय म्हणतात? बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत कलकत्त्यात बसवणाऱ्यांमध्ये काझी अझीझुल हक होते, ही गोष्ट आपल्या शाळकरी मुलांपर्यंत का पोहोचली नाही? हे प्रश्न दुसरे कुणी विचारणार नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. आपला जिल्हा लहान आहे. तालुका आणि धंदा सांगितला की वाचक माणूस ओळखतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा तर गुन्हाच आहे. खऱ्या प्रकरणातून पद्धत घ्यावी, माणसे घेऊ नयेत. मेलेल्याची आई अजून त्याच गल्लीत राहत असते आणि तिची नातवंडे वाचायला शिकलेली असतात.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून १९८३ साली ‘अर्धसत्य’ निघाला आणि हिंदी सिनेमातला पोलीस बदलला. विक्रम चंद्रा यांनी ‘सेक्रेड गेम्स’साठी पोलिसांना, गुन्हेगारांना आणि पत्रकारांना भेटून कित्येक वर्षे घालवली. तेवढी सवड आपल्याकडे नसेल. पण वही घेऊन एक दिवस कोर्टात बसता येते आणि ओळखीच्या निवृत्त जमादाराचे घर तर दोन गल्ल्या सोडून असते. सलाम करून दार वाजवावे. बहुतेक जण बोलतात, कारण इतक्या वर्षांत त्यांना कुणी नीट विचारलेलेच नसते.