एक्स्टेन्शन टाकलं म्हणजे सुटलो?

"ॲड ब्लॉकर टाकलाय, आता मला कोण बघतंय!" असं हल्ली बरेच जण सांगतात. मंडळी, ट्रॅकर अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन जरूर वापरा, मीही वापरतो. पण त्याची हद्द ब्राउझरपुरतीच. फोनमधल्या बाकीच्या ॲपना ते अडवू शकत नाही. लॉगिन केलं की आपण कोण, हे त्या साइटला कळतंच. आणि दुकानात बिल करताना मोबाइल नंबर तर आपण स्वतःच सांगतो!

बरं, राखणदारावर लक्ष कोणी ठेवायचं? ट्रॅकिंग थांबवतो म्हणणाऱ्या अवास्ट कंपनीनेच एक्स्टेन्शनमधून गोळा केलेली लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

आपल्याकडे २०१७ साली सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यातच सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवली. मग हक्क सांभाळायची जबाबदारी उरते कुणावर? आपल्या ब्राउझरवर? हे काही बरोबर नाही.

नको असलेली एक्स्टेन्शन आजच काढून टाका. काउंटरवर "नंबर कशाला हवा?" असं बिनधास्त विचारा. आणि हाच प्रश्न मत मागायला येणाऱ्यालाही विचारा: आमच्या माहितीचं काय करताय?