साहेबांवर अन्याय झाला का?



निलंगा तालुक्यातल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. फुलस्केपचं दीड पान भरून. अक्षर सुरेख आणि प्रश्न त्याहून सुरेख. ती लिहिते, आमच्या घरी साहेबांचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. आजोबा म्हणतात, साहेबांवर अन्याय झाला, मराठवाड्याचा माणूस म्हणून त्यांना घालवलं. काका म्हणतात, पोरीचे मार्क वाढवले, खुर्ची गेली ते बरंच झालं. गुरुजी, खरं काय?

आता 'साहेब' म्हणजे कोण, हे निलंग्याच्या लेकरांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. शिवाजीराव पाटील निलंगेकर. आपल्या लातूर जिल्ह्यातले. जून १९८५ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे जेमतेम नऊ महिने. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आमच्याकडे ही गोष्ट पारावर अजून काल घडल्यासारखी सांगतात.

घडलं ते असं. ऑक्टोबर १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.डी.ची परीक्षा झाली. एम.डी. म्हणजे डॉक्टर झाल्यावर पुढचं मोठं शिक्षण. त्या परीक्षेला मुख्यमंत्र्यांची मुलगी बसली होती. आधीच्या तीन प्रयत्नांत तिला यश आलं नव्हतं. या खेपेला ती पास झाली. त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला, की परीक्षकांच्या कागदात खाडाखोड झाली आहे, निकाल बदलला आहे आणि तो मुख्यमंत्र्यांच्या मुलीसाठी बदलला आहे. वर्तमानपत्रांत याला 'गुणवाढ प्रकरण' असं नाव पडलं.

पहिल्यांदा हे प्रकरण एका न्यायमूर्तींसमोर चाललं. त्यांनी निकाल दिला, की फेरफार झालाय आणि तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झालाय. झालं, राजीनामा. पण गोष्ट इथं संपत नाही, आणि आजोबा-काका दोघंही इथंच थांबतात म्हणून भांडण मिटत नाही. निलंगेकरांनी वरच्या खंडपीठाकडे अपील केलं. खंडपीठ म्हणजे एकापेक्षा जास्त न्यायमूर्ती एकत्र बसतात ते. त्यांनी पाहिलं, की मुख्यमंत्र्यांनी सांगितलं याचा थेट पुरावा कुठाय? तो नव्हता. तेव्हा तो थेट ठपका त्यांनी तसाच ठेवला नाही. पण संशयाला जागा आहे, असे ताशेरे मात्र ओढले. मग प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर १९८६ मध्ये तिथला निकाल आला. ते ताशेरे पुसायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. सार्वजनिक जीवनाची पातळी घसरत चालली आहे आणि न्यायालयाला तिकडे डोळेझाक करता येणार नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलं.

'ताशेरे' हा शब्द नीट ध्यानात घ्या. ताशेरे म्हणजे शिक्षा नव्हे. निलंगेकरांना या निकालात तुरुंगवास झाला नाही, दंड झाला नाही. कारण हा फौजदारी खटलाच नव्हता. ही होती रिट याचिका. फौजदारी खटल्यात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील त्याची उलटतपासणी घेतो, खोटं बोलत असेल तर घाम फुटेपर्यंत विचारतो. रिट याचिकेत बहुतेक काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं. म्हणजे दोन्ही बाजू शपथेवर लिहून देतात आणि न्यायमूर्ती ते कागद ताडून पाहतात. दोन्ही रीती कायदेशीरच. पण तुमच्यावर कुणी आळ घेतला, तर आळ घेणाऱ्याला समोर उभं करून चार प्रश्न विचारावेत असं तुम्हाला वाटेल की नाही? आजोबांच्या म्हणण्यात एवढं तथ्य नक्की आहे. आणि आणखी एक. खंडपीठाने थेट ठपका काढला तेव्हा खुर्ची केव्हाच गेली होती. सुटलेला बाण परत भात्यात येत नाही.

मात्र "मराठवाड्याचा म्हणून घालवलं" हे काही मला पटत नाही. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री कोण झालं? शंकरराव चव्हाण. नांदेडचे! आजोबांना एवढं जरूर सांग. रागावले तर माझं नाव सांग.

आता काकांकडे येऊ. थेट पुरावा नव्हता तर मग संशय तरी का धरायचा? मी हा प्रश्न आमच्या चौथीच्या वर्गात वेगळ्या रीतीने विचारला. समजा, सहलीच्या पैशांचा डबा मॉनिटरकडे आहे. मोजले तर पन्नास रुपये कमी. त्याने घेतले असं कुणी पाहिलं नाही. मग त्याला चोर म्हणायचं का? सगळा वर्ग ओरडला, "नाही!" बरं, मग डबा त्याच्याकडेच राहू द्यायचा का? पुन्हा सगळे ओरडले, "नाही!" बघा, नऊ वर्षांच्या लेकरांना कळलं की हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. चोर ठरवायला पक्का पुरावा लागतो. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला देतात, तसा न्यायालयात आरोपीला देतात. पण डबा सांभाळणं हा काही कुणाचा हक्क नाही, तो विश्वास आहे. विश्वासाला तडा गेला, की डबा खाली ठेवावा लागतो.

शेवटच्या बाकावरून एकीने विचारलं, "गुरुजी, पण मग त्यानं घेतले नसतील तर त्याला डबा परत कधी मिळणार?" मी खडू हातात धरून उभाच राहिलो. याचं उत्तर द्यायला मोठमोठ्या कायदेपंडितांनाही घाम फुटतो.

आणखी एक बाब. सत्तेतल्या माणसाला पुष्कळदा तोंडाने काही सांगावंच लागत नाही. खेड्यातल्या शाळेत पाहा. पुढाऱ्याचा मुलगा वर्गात असला, की तपासणाऱ्याची पेन्सिल त्याच्या पेपरवर जरा हळू चालते. पुढाऱ्याने सांगितलेलं असतं का? बहुधा नाही. त्याला ठाऊकही नसेल. पण पेन्सिलीला ठाऊक असतं! हुकूम कागदावर नसतो, फोनवर नसतो, म्हणून पुरावाही कुठं सापडत नाही. अशा वेळी न्यायालयाला आजूबाजूच्या गोष्टी पाहाव्याच लागतात. फायदा कुणाचा झाला? तो कुणाचा नातेवाईक? आधी काय घडलं होतं? थेट पुरावा आणल्याशिवाय बोलायचंच नाही असं ठरवलं, तर मोठ्या माणसांबद्दल कधीच काही बोलता येणार नाही.

आणि हो, त्या परीक्षेला बसलेली बाकीची मुलं? रात्र रात्र जागून, दवाखान्याच्या ड्युट्या करून बसली होती ती. आपल्या लातूर-नांदेडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे एकेका मार्कासाठी गावोगावची पोरं खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात, आईबाप शेत गहाण टाकतात. 'लातूर पॅटर्न' हे नाव त्यातूनच झालं. म्हणून जून २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या गैरव्यवहाराचा तपास लातूरपर्यंत आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातूरला गुन्हा नोंदला गेला, आणि त्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांची नावं होती. मीही त्याच पेशातला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस कुणी नीट चहा प्यायला नाही. गावात काहींनी तर लगेच "सगळे मास्तर सारखेच" असा निकालच देऊन टाकला. गुन्हा नोंदणं म्हणजे निकाल नव्हे, हे मी तेव्हा दहा ठिकाणी सांगत फिरलो. मग हाच न्याय निलंगेकरांनाही लावायला नको का? लावायलाच हवा.

कायद्याची रीत पाळणं किती महत्त्वाचं असतं, याचा एक दाखला निलंगेकरांच्याही आधीचा आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंटचा कोटा देताना आपल्या ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या, असा त्यांच्यावर आरोप होता. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरुद्ध गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला सुरू झाला. असा खटला विशेष न्यायाधीशांपुढे चालावा, असं कायद्यात लिहिलेलं होतं. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. लवकर निकाल लागावा हा हेतू चांगलाच. अंतुले म्हणाले, असं कसं? कायद्याने सांगितलेलं न्यायालय मला का नाही? आणि खालून वर अपील करायची माझी एक पायरी गेली तिचं काय? एप्रिल १९८८ मध्ये सात न्यायमूर्ती बसले. पाच विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांनी सांगितलं, की आमचा १९८४ चा हुकूम चुकीचा होता. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने स्वतःचाच हुकूम फिरवला, मुलांनो! लोक तेव्हा चिडले असतील, की एवढे आरोप असलेल्या माणसासाठी हे कशाला? पण कायदा आवडत्यांसाठी एक आणि नावडत्यांसाठी एक असा ठेवला, तर उद्या तो कुणावरही उलटेल.

तर पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं अर्धं अर्धं आहे. खुर्ची सोडावी लागली, हा मला अन्याय वाटत नाही. ज्याच्या राज्यात परीक्षा झाली, त्याच्याच लेकीच्या निकालात फेरफार झाला, तर त्याने बाजूला व्हायला हवं, मग त्याने सांगितलेलं असो वा नसो. पण "निलंगेकरांना भ्रष्टाचाराची शिक्षा झाली" असं जे लोक ठोकून देतात, ते चूक. त्या निकालात गुन्हा सिद्ध झाला नव्हता. आणि मला खरा सलतो तो भाग असा, की त्यांच्या माथी ना 'दोषी' लागलं, ना 'निर्दोष'. जन्मभर मधेच टांगलेलं राहिलं. त्या मुलीचंही तेच. तिने त्या खेपेला अभ्यास केला असेल, तरी तो आता कोण मोजणार?

मतदारांनी मात्र आपला हिशेब वेगळा मांडला. निलंगेकर पुन्हा आमदार झाले, मंत्रीही झाले. २००४ मध्ये ते हरले ते खुद्द आपल्या नातवाकडून, पण त्याचा गुणवाढीशी संबंध नव्हता, तो घरातलाच सामना होता. ५ ऑगस्ट २०२० रोजी ते वारले. चौतीस वर्षं उलटून गेली होती, तरी त्यांची ओळख सांगताना ते नऊ महिने आणि ते मार्क पुन्हा निघालेच.

आता तुमचं काम. मॉनिटरच्या डब्याचा प्रश्न आपापल्या वर्गात विचारून पाहा. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला काय उत्तर द्यायचं, तेही ठरवा. डबा किती दिवसांत परत द्यायचा, चौकशी कुणी करायची, आणि पैसे सहलीच्या बसमध्ये सीटखाली सापडले तर वर्गाने काय म्हणायचं? पोस्टकार्डावर लिहा, नाव आणि इयत्ता घालायला विसरू नका. आजोबा-काकांची मतंही चालतील, पण ती खाली वेगळी लिहा. तुमच्या तोंडी घालू नका!

तुमचा,
गुरुजी