पिठाचा कोंबडा

"गेम आहे की गं आई ती! गेममध्ये कोण खरं बोलतं?"

हे वाक्य माझ्या धाकट्या मुलाचं. पण ते त्याच्या एकट्याचं नाही. बस्तीच्या पायऱ्यांवर बसून फोनवर लढाया खेळणारी पोरं हेच म्हणतात आणि त्यांचे शिकले-सवरलेले बापही मान डोलावतात. म्हणून आज मला या एका वाक्याशीच भांडायचं आहे.

आधी काय झालं ते सांगते. मुलगा एक युद्धाचा खेळ खेळतो. देशभरातली पोरं त्यात टोळ्या करून किल्ले बांधतात, धान्य-सोनं साठवतात, दुसऱ्याच्या किल्ल्यावर चालून जातात. याच्या टोळीने याला दुसऱ्या टोळीत हेर म्हणून पाठवलं. नाव बदलून हा तिकडे गेला आणि चार महिने राहिला. तिथल्या म्होरक्याशी, म्हणजे याच्याच वयाच्या एका मुलाशी, याची चांगली गट्टी जमली. रात्र-रात्र बोलणं व्हायचं. त्या मुलाच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, तेही त्याने याला सांगितलं. शेवटी विश्वासाने टोळीच्या भांडाराची जबाबदारी याच्या हाती दिली. एका रविवारी पहाटे याने ते भांडार रिकामं केलं, वेशीचा दरवाजा आपल्या टोळीला उघडून दिला आणि झोपून गेला.

सकाळी न्याहारीला बसून त्याने ही सगळी हकिकत आम्हाला रंगवून सांगितली. आणि मी काय केलं? थालीपीठ उलटता उलटता हसले. म्हणाले, "हुशार आहेस हं!"

आठ दिवसांनी त्याने गुपचूप मला त्या मुलाचा शेवटचा निरोप दाखवला. त्यात शिवी नव्हती. एवढंच होतं, 'बाबांचं मी फक्त तुलाच सांगितलं होतं.' त्यानंतर तो मुलगा खेळात दिसला नाही.

तेव्हापासून माझं ते हसू मला टोचतंय.

आता कुणी म्हणेल, बाईंना खेळातलं काय कळतं! थोडं कळतं. हुलकावणीशिवाय कबड्डी नाही. बुद्धिबळात प्यादं मुद्दाम मारायला देतात, पत्त्यांत हात झाकून धरतात. डावीकडे सैन्य दाखवून उजवीकडून चालून जाणं याला मी कपट म्हणत नाही. समोरच्याला ते ठाऊक असतं आणि तोही तेच करत असतो. 'डिप्लोमसी' नावाचा एक प्रसिद्ध अमेरिकी खेळ आहे, 1959 सालचा. सात खेळाडू म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीची सात राष्ट्रं. फासे नाहीत, नशीब नाही. सगळा खेळ बोलण्याचा, करारांचा, आणि करार मोडायला पूर्ण मुभा. आता तो संगणकावरही खेळतात. त्यातही मैत्री तुटते म्हणतात. पण निदान तिथे सातही जण हे माहीत असूनच बसतात आणि पट गुंडाळला की लबाडीही गुंडाळली जाते.

माझं भांडण आहे ते पटाबाहेर पाय टाकणाऱ्या लबाडीशी. आइसलंडच्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ 2003 पासून चालू आहे. त्यात 2005 साली एका भाडोत्री टोळीने दुसऱ्या संघटनेत आपली माणसं घुसवली. जवळजवळ वर्षभर ती माणसं तिथे विश्वासू म्हणून वावरली, वरच्या पदांवर चढली आणि ठरल्या दिवशी प्रमुख बाईचं जहाज फोडून भांडारं साफ केली. त्या मालाची किंमत खऱ्या पैशांत सुमारे 16,500 डॉलर धरली गेली. खेळाच्या नियमांत हे बसत होतं. जगभर त्याची वाहवा झाली, अजूनही होते. मला विचाराल तर त्यात जहाजं लुटली हे किरकोळ. माणसांचं वर्ष लुटलं, रोजचं हसणं-बोलणं लुटलं. ते काही अंतराळातलं नव्हतं.

'नियमात बसतं' हे या मंडळींचं पहिलं हत्यार. अहो, शिक्षा कुठे होणार नाही एवढंच नियम सांगतो. वागावं कसं हे तो सांगत नाही. आपल्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. लहानपणी पाठशाळेत आम्ही ते घोकले. त्यात एक न्यासापहार, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव लाटणं. दुसरा साकारमंत्रभेद, म्हणजे कुणाच्या मनातलं काढून घेऊन ते फोडणं. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, हाही त्यातलाच. खोटं नाव घेऊन टोळीत शिरणं, भांडाराची किल्ली मिळवणं, मसलती पलीकडे पोचवणं, ही माझ्या मुलाची करणी त्या यादीला ताडून बघा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांना फोन ठाऊक नव्हता, माणूस ठाऊक होता.

दुसरं हत्यार मुलाने काढलं. "मग महाराजांचा गनिमी कावा?" हा प्रश्न खरा आहे, तो झटकून चालणार नाही. पण अफझलखान स्वराज्य बुडवायला चालून आला होता. गृहस्थाला विरोधी हिंसा, म्हणजे अंगावर आलेल्याचा प्रतिकार, आपल्या धर्मानेही सर्वस्वी नाकारलेला नाही. त्याला सोडायला सांगितली आहे ती संकल्पी हिंसा, ठरवून, गरज नसताना केलेली. त्या मुलाने तुझ्यावर काय आणलं होतं रे? तो आपल्या आजारी बापाचं दुःख घेऊन आला होता. त्याच्यापुढे तू महाराजांचं नाव कशाला काढतोस?

तिसरं हत्यार सगळ्यात मोठं, 'सगळं खोटंच तर आहे'. सोनं खोटं, किल्ला खोटा, मग पाप खरं कसं? याला उत्तर म्हणून मी यशोधराची कथा सांगते. सोमदेवसूरींनी ती 959 साली संस्कृतात लिहिली, आपल्या शेजारच्या कन्नडात जन्न कवीने 1209 साली. राजा यशोधर जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तयार नव्हता. आई म्हणाली, मग पिठाचा कोंबडा कर आणि तो काप. पीठच ते! त्याने कापला. आणि मायलेक दोघंही कित्येक जन्म पशुयोनीत भटकले. कोंबडा पिठाचा होता, कापायचा भाव पिठाचा नव्हता.

आमच्या घरात तर कोंबडाही पुरता पिठाचा नव्हता. पलीकडे खरा मुलगा होता.

या कथेतली एक गोष्ट मला अलीकडेच बोचू लागली आहे. त्यात आग्रह आईचा होता. राजा कचरत होता, सोपी वाट आईने दाखवली. मीही 'हुशार' म्हटलंच की! पोरं लबाडी फोनवरून शिकतात असं आपण म्हणतो. फोनवर ती शिकत असतील, पण तिला शाबासकी घरी मिळते. दुकानात चुकून जास्त आलेले पैसे परत न करणारा बाप, फोनवर 'घरी नाहीत म्हणून सांग' म्हणणारी आई. गेम नंतर येते.

आपल्या मराठीत माया म्हणजे जिव्हाळा. आपल्या शास्त्रात माया म्हणजे कपट, क्रोध-मान-लोभांच्या पंगतीतला कषाय. हे दोन अर्थ एका शब्दात कसे, याचं मला नेहमी नवल वाटायचं. आता वाटत नाही. पहिल्या मायेचं सोंग घेऊन दुसरी माया आत शिरते, ते मी माझ्याच स्वयंपाकघरात बघितलं.

तर खेळू दे पोरांना. जिंकू दे, डावपेच लढवू दे. पण पटावर जे करायचं ते पटावर. कुणाची मैत्री, कुणाच्या घरातलं दुखणं, कुणी सोपवलेली किल्ली ही सोंगटी नव्हे. आणि आयांनो, पोरगं जिंकल्याची हकिकत सांगू लागलं की हसण्याआधी ती पूर्ण ऐका.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी मी मुलापाशी त्या हसण्याची क्षमा मागितली. तो गोंधळला, मग बराच वेळ फोन हातात घेऊन बसला. त्या मुलाला त्याने चार ओळी लिहिल्या, आपल्या खऱ्या नावाने. पण त्या मुलाने ते खातंच बंद केलंय. निरोप पोचत नाही.

त्या ओळी अजून त्याच्या फोनात आहेत. मी त्याला त्या पुसू देत नाही.