कंपनीकडे दोन वर्षं, तुमच्याकडे चार आठवडे: घरच्या कॉम्प्युटरच्या लॉगचं काय करायचं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम जाहीर केले. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती परवानगीच्या पॉपअपची आणि लहान मुलांच्या अकाउंटची. त्याच नियमांत एक कमी गाजलेली अट आहे. तुमची माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांनी ती कोणी, कधी उघडली याचे लॉग एक वर्ष ठेवायचे, म्हणजे चोरी झालीच तर माग काढता येईल.

असा हा पहिला नियम नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं होतं. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांसाठी ही मुदत किमान दोन वर्षं केली. म्हणजे तुमच्या नंबरवरून कधी, कुठे कनेक्शन झालं हे कंपनीकडे दोन वर्षं असतं.

आता घरचा लॅपटॉप बघा. उबुंटूवर लॉगिनच्या नोंदींची फाइल दर आठवड्याला बदलते आणि जुन्या चारच ठेवल्या जातात. विंडोजमध्ये तर मुदतच नाही. सिक्युरिटी लॉगला साधारण २० एमबी जागा दिलेली असते, ती भरली की नवी नोंद जुन्या नोंदीवर बसते. फोनची गत याहून वाईट. अँड्रॉइडचा सिस्टम लॉग मेमरीतल्या छोट्याशा जागेत गोल गोल फिरतो, अनेक फोनवर प्रत्येक भागाला २५६ किलोबाइट, आणि फोन रीस्टार्ट केला की गेला.

हे कायदे घरगुती वापरकर्त्याला लागू नाहीत, हे आधीच सांगतो. तुम्ही लॉग ठेवले नाहीत म्हणून कोणी नोटीस पाठवणार नाही. पण तुमच्या बाबतीत काही घडलं, तर तुमच्याबद्दलची नोंद सगळ्यांकडे असेल आणि तुमच्याकडे नसेल. माझा मुद्दा एवढाच आहे.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कर्वेनगरमध्ये आमच्या भागात होस्टेल आणि पीजीवर राहणारी कॉलेजची मुलं-मुली भरपूर, आणि सेकंडहँड लॅपटॉपही भरपूर. विंडोज ११ चालत नाही म्हणून काहींनी लिनक्स टाकलं, काही जण जुन्यावरच रेटतायत. या सगळ्यांची मोठी तक्रार एकच: सी ड्राइव्ह लाल झाला. मग रील येते, ‘हे फोल्डर डिलीट करा आणि १० जीबी मोकळे करा’. त्या फोल्डरांत बऱ्याचदा लॉग असतात.

जागेची तक्रार खोटी नाही. विंडोज अपडेटचा एक लॉग असतो, सीबीएस नावाचा. तो मोठा झाला की विंडोज त्याला दाबून ‘कॅब’ फाइल बनवतं. पण दाबणाऱ्या प्रोग्रॅमला २ जीबीच्या पुढची फाइल झेपत नाही. एखादा लॉग त्यापुढे गेला की प्रयत्न फसतो, अर्धवट फाइल टेम्प फोल्डरमध्ये पडते, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा अर्धवट फाइल. असं करत अख्खी डिस्क भरल्याची उदाहरणं विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये खूप आहेत. जागा वाचवणारी सोयच जागा खाऊन बसली! अशा वेळी तो मोठा सीबीएस लॉग आणि टेम्पमधल्या कॅब फाइल बिनधास्त काढा, त्यात तुमच्या कामाचं काही नाही.

म्हणजे सगळे लॉग सारखे नसतात. घरात पेपरची रद्दी साठते तेव्हा आपण काय करतो? चालू महिन्याचे पेपर हाताशी, मागचे सुतळीने बांधून माळ्यावर, फार जुने रद्दीवाल्याला. लॉग रोटेशन म्हणजे नेमकं हेच. चालू फाइल बाजूला करून नवी सुरू करायची, जुनी दाबून ठेवायची, मुदत संपली की टाकायची. साध्या मजकुराचे लॉग दाबले की बहुतेक वेळा दहाव्या हिश्शाच्या आसपास येतात, कारण त्यात तेच तेच शब्द हजारदा येतात. पण घराचा करारनामा आपण रद्दीत घालत नाही. लॉगिनचे लॉग त्या जातीचे.

लिनक्सवाल्यांसाठी दुरुस्ती सोपी आहे. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘लॉगरोटेट.डी’ मध्ये ‘आरसिसलॉग’ नावाची फाइल आहे. त्यात ‘रोटेट ४’ आणि ‘वीकली’ असे शब्द दिसतील. तिथून लॉगिनच्या ‘ऑथ’ लॉगची ओळ काढा, त्याच पद्धतीचा वेगळा गट करा आणि त्यात ४ च्या जागी २६ लिहा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, कंपन्यांना सांगितलेल्या १८० च्या किंचित पुढे. वर्ष हवं असेल तर ५२. घरच्या मशीनवर हा लॉग दाबून वर्षभर ठेवला तरी सहसा काही एमबीच भरतो. बाकीचे लॉग चार आठवड्यांवरच राहू द्या. जुनी ओळ काढायला विसरू नका, एकाच फाइलचं नाव दोन ठिकाणी आलं की लॉगरोटेट कुरकुर करतो.

इथे एक खोच आहे. काही जण जागेच्या भीतीने आकाराची मर्यादाही टाकतात, ‘इतक्या एमबीच्या वर गेला की लगेच बदल’. मग कोणी रात्रभर पासवर्डचे अंदाज मारत बसलं की लॉग भराभर फुगतो, रोज बदलतो, आणि तुमच्या २६ जागा महिन्याभरात संपतात. नेमकी ज्या दिवसांची नोंद हवी, तेच दिवस बाहेर ढकलले जातात. लॉगिनच्या लॉगला आकाराची मर्यादा नको. तिथेच ‘डिलेकम्प्रेस’ असा शब्द दिसला तर तोही राहू द्या. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने जुनी फाइल लगेच सोडलेली नसते, म्हणून ती एक फेरी न दाबता ठेवतात.

आजच्या लिनक्समध्ये याशिवाय सिस्टमडीचं जर्नल असतं. ते डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी घेतं आणि दाबण्याचं कामही स्वतःच करतं. त्याला मुदत नसते, जागा संपली की जुनं जातं. १२८ जीबीच्या डिस्कवर ते टोचत असेल तर सेटिंगमध्ये एक जीबीवर आणा. हाताने फाइल उडवू नका.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटी लॉगमधली सगळ्यात जुनी नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघा. तुमचं मशीन किती दिवस मागचं आठवतं, याचं खरं उत्तर तिथे मिळेल. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन २० एमबीचे २०० करा. तिथेच ‘भरला की वेगळा साठव’ अशा अर्थाचा पर्यायही आहे, पण साठवलेल्या फाइल विंडोज ना दाबतं ना काढतं, ते तुमच्याच गळ्यात पडतं. घरासाठी आकार वाढवणं पुरे. आणि गंमत म्हणजे, हा लॉग कोणी पुसला तर ‘पुसला’ अशी नोंद, क्रमांक ११०२, विंडोज त्याच लॉगमध्ये टाकतं.

एवढं करून उपयोग काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रणाच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता. ‘केवायसी अपडेट करायचंय, एवढं ॲप टाका’ हा फोन आजही येतो, जास्त करून आई-बाबांना किंवा आजोबांना. पैसे गेले की घरातलं तरुण माणूस पहिलं काम करतं ते म्हणजे ॲप काढून टाकणं आणि लॅपटॉप फॉरमॅट मारणं. हेतू चांगला, पण एनीडेस्क कोणत्या आयडीवरून, किती वाजता कोण आत आलं याची छोटी मजकूर फाइल ठेवतं. फॉरमॅट झालं की तीही गेली. १९३० ला फोन तर ताबडतोब करायचाच, पण लॅपटॉपचं नेट तोडून तो तसाच ठेवायचा.

पुण्याला मोठ्या प्रमाणावर हे माहीत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहार झाले. व्यवहार न् व्यवहार मोजता येतो, कारण प्रत्येकाची कुठेतरी नोंद पडलेली असते. पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं ते २०२३ मध्ये, जवळपास पाच वर्षांनी. २६ आठवड्यांचं रोटेशन पाच वर्षं पुरत नाही. म्हणून काही घडलं की त्या दिवसांच्या फाइलची प्रत लगेच पेनड्राइव्हवर काढायची, रोटेशनच्या आवाक्याबाहेर.

ही प्रत ग्राह्य धरली जावी यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. झिप केल्याने आतल्या मजकुराला काही होत नाही, उघडल्यावर मूळ ठसा तोच येतो. झिपचा स्वतःचा ठसा मात्र वेगळा असतो. दोन्ही काढून, तारीख-वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि विंडोजवर ‘सर्टयूटिल’ हे काम करतात, वेगळं काही डाउनलोड करायला लागत नाही.

राउटर राहिला. घरगुती राउटरचे लॉग बहुतेक वेळा त्याच्या मेमरीतच असतात, लाइट गेली की कोरा. संशय आला तर स्विच बंद करण्याआधी त्याच्या पानावर जा आणि लॉग सेव्ह करा. तो पर्याय नसेल तर फोनने स्क्रीनचे फोटो काढा.